दर दिवाळीला रबिंग-पॉलिश? जरा थांबा, भो!

इअरफोन घालून ऐकताय, का गाडी धुता धुता स्पीकरवर लावलंय? गाडी धूत असाल तर उत्तमच. आजचा विषय तोच आहे.

तुमच्याकडून एक प्रश्न फिरून फिरून येतो. "दादा, सेकंड हँड गाडी घेतली, इंजिन चकाचक आहे, पण रंग पार मेलाय. कोणतं पॉलिश घेऊ?" कुणी जळगावहून विचारतं, कुणी धुळ्याहून, कुणी शिरपूरहून. प्रश्न साधा वाटतो, पण खरं तर कोणतं पॉलिश घ्यायचं हे शेवटी येतं. आधी बघायचं की गाडीवर घासण्याइतकं काही शिल्लक आहे का.

आता हे नीट ऐका. आजकालच्या गाडीवर पत्र्यावर प्रायमर असतो, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक या थराची असते आणि उन्हापासून रंगाला वाचवायचं कामही तोच करतो. तो किती जाड असतो? साधारण ४० ते ५० मायक्रॉन. आपला डोक्याचा केस याहून जाड असतो! म्हणजे गाडीची सगळी शान केसापेक्षा पातळ थरावर उभी आहे.

जळगावकरांना सोन्याचं उदाहरण लगेच कळेल. दागिना उजळायला दिला की तो झळकून परत येतो, पण थोडं सोनं त्यात जातंच. रबिंग-पॉलिशचंही तसंच आहे. रबिंग कंपाउंड म्हणजे बारीक खर असलेली पेस्ट. ती ओरखडा भरत नाही, ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून सपाट करते. म्हणून गुळगुळीत दिसतं. दर दसरा-दिवाळीला "रबिंग मारून द्या" म्हणणारा माणूस दरवर्षी गाडीचा एक पदर काढून देत असतो. आणि गेलेला क्लिअर कोट कोणत्याही डबीतून परत येत नाही. मग एकच उपाय उरतो, रीपेंट. त्याचा खर्च तुम्हाला माहीत आहे.

आपल्याकडे गाडीचं नक्की काय बिघडतं?

यूट्यूबवरचे बरेचसे व्हिडिओ थंड देशांतले. त्यांचा शत्रू बर्फ आणि रस्त्यावरचं मीठ. आपले शत्रू वेगळे.

पहिला, ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. ही सावलीतल्या हवेची गोष्ट. उन्हातलं बॉनेट त्याहून कितीतरी तापतं, हात टेकवत नाही. दुसरा, बोअरचं पाणी. ते जड असतं, उन्हात वाळलं की पांढरे क्षारांचे डाग सोडतं. तिसरा, धूळ. काळ्या मातीची, शेतरस्त्याची. धुळ्यात तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे हायवे भेटतात, त्यामुळे धुळीसोबत डांबराचे शिंतोडेही येतात. रावेर-यावलकडच्या मंडळींना केळीच्या चिकाचं वेगळं सांगायला नको. कपड्यावरचा डाग जात नाही, तर गाडीवर तो वाळू का द्यायचा? ओला असतानाच धुऊन टाका.

आणि चौथा शत्रू आपणच. सकाळी उठून कोरड्या फडक्याने गाडी पुसायची सवय! धूळ म्हणजे बारीक वाळू. कोरडं फडकं फिरवलं की ती वाळू रंगावर घासली जाते. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ना? ते असेच येतात.

खरेदीआधी तीन तपासण्या

एक पैसाही खर्च न करता हे करा. गाडी धुवा, सावलीत घ्या.

एक, ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे, पॉलिशने जाणार नाही. त्याच्या मागे लागू नका.

दोन, छत आणि बॉनेट बघा. पांढुरके चट्टे, कडेने पापुद्रे सुटलेले दिसले तर क्लिअर कोट मेला. तिथे जगातलं महागातलं महाग पॉलिशही काही करणार नाही. तेवढा भाग रंगवावा लागेल. दुकानदार "होऊन जाईल साहेब" म्हणाला तरी खिशात हात घालू नका.

तीन, हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धुतलेल्या बॉनेटवर हलकेच फिरवा. खरखर लागली तर रंगात घाण रुतलेली आहे. ती पॉलिशच्या आधी काढायची.

जुन्या काळच्या काही गाड्यांवर क्लिअर कोट नसतोच, नुसता रंग असतो. पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंग आला तर समजा ती तसली गाडी. घाबरू नका, पण हात अजून हलका ठेवा.

आता सामान, क्रमाने

गेल्या हिवाळ्यात आम्ही मामांची गाडी काढली. नऊ वर्षांची लाल हॅचबॅक, दोन-अडीच वर्षं कडुनिंबाखाली उभी. लाल रंग विटकरी झालेला. बाजारात सगळ्यांनी आधी कंपाउंडचीच डबी पुढे केली. आम्ही ती सगळ्यात शेवटी ठेवली. क्रम असा.

पहिलं, कार शॅम्पू. बाटलीवर पीएच न्यूट्रल लिहिलेला. भांड्याचं लिक्विड किंवा कपड्याची पावडर नको, ती वरचं संरक्षण धुऊन नेते. सोबत दोन बादल्या, एक साबणाची, एक हातमोजा खळबळायची. मायक्रोफायबरचा हातमोजा आणि पाच-सहा चांगले मायक्रोफायबर कापड. पैसे वाचवायचेत तर कापडात वाचवू नका.

पाण्याबद्दल एक गोष्ट. घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी खूप जण गाडीला वापरतात. त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात! ते संडासात, फरशीला वापरा, गाडीला नको. बोअरचंच पाणी असेल तर पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर धुवा आणि पाणी वाळायच्या आत पुसून घ्या. क्षारांचे ताजे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान करून कापडाने हलकेच लावा, मिनिटभराने धुऊन टाका. तापलेल्या पत्र्यावर हा प्रयोग करू नका.

दुसरं, क्ले बार. हा मातीसारखा मऊ गोळा असतो. शॅम्पूचं पाणी शिंपडून फिरवला की रुतलेली घाण उचलतो. तो जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, खडा चिकटला की तुमच्याच गाडीवर रेघा ओढेल. डांबरासाठी टार रिमूव्हर वेगळा मिळतो. भुसावळसारख्या ठिकाणी, रुळांजवळ उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर नारिंगी ठिपके दिसतात. ते लोखंडाचे कण. त्यासाठी आयर्न रिमूव्हर घ्या. तो लोखंडाला लागला की जांभळा होतो. वास उग्र असतो, मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालून वापरा.

तिसरं, बारीक पॉलिश. लक्षात घ्या, कंपाउंड नाही, पॉलिश. बॉनेटच्या एका कोपऱ्यात वीतभर जागेवर आधी करून बघा. सराफ कसोटीच्या दगडावर सोनं घासून बघतो, तसं. जमलं तर पूर्ण गाडीला तेच. नाही जमलं तरच एक पायरी वर, कंपाउंड. आणि तेही लागेल तिथेच. मामांच्या गाडीला दारांवर नुसत्या पॉलिशने भागलं. कंपाउंड फक्त बॉनेटला लागलं. छताचा एक चट्टा मेलेलाच होता, तो तसाच सोडला. मामा म्हणाले, "वर कोण चढून बघतंय?"

मशीन घ्यायचं तर ड्युअल अ‍ॅक्शन घ्या. नुसतं गोल फिरणारं रोटरी मशीन नवख्या हातात नको, ते एका जागी तापवतं आणि कडांवरचा थर उडवतं. कडांना तसाही तो पातळच असतो.

डबीवरचे शब्द नीट वाचा. थ्रीएम, मेगुआयर्स, टर्टल वॅक्स, वेव्हेक्स, नाव कोणतंही असो. "क्लीनर वॅक्स" लिहिलं असेल तर त्यात खर असू शकते. "ग्लेझ" असेल तर ते बहुधा ओरखडे झाकतं, दोन-चार धुण्यांत ते पुन्हा उघडे पडतात. मला कुणी पैसे देत नाही, त्यामुळे अमुकच घ्या असं सांगणार नाही.

शेवटी कवच

पॉलिश झालेली गाडी उघडी सोडली तर केलेलं सगळं पाण्यात. इथे तीन पर्याय आहेत. कार्नोबा वॅक्स झळाळी छान देतं, पण आपल्या उन्हात फार टिकत नाही. लग्नाला गाडी न्यायचीय, लावा. पॉलिमर सीलंट जास्त टिकतं, लावायला सोपं. उन्हात उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीला माझं मत सीलंटला, दर दोन-तीन महिन्यांनी. पाण्याचे थेंब गोल होऊन घरंगळायचे थांबले की पुन्हा लावायची वेळ झाली.

सिरॅमिक कोटिंग वर्षांच्या हिशेबात टिकतं, पण खाली जे आहे तेच कोंडून ठेवतं. ओरखड्यांवर मारलं तर ओरखडेच जपले जातील. आणि "नाइन एच, ओरखडाच येत नाही" या जाहिरातीला भुलू नका. तो एच पेन्सिलीच्या कठीणपणाचा आहे, हिऱ्या-माणकाचा नाही. टेफ्लॉन कोटिंगचंही ऐका. तव्यावर टेफ्लॉन बसवायला ३०० अंशांच्या वर तापवावं लागतं. गाडीच्या रंगाला ते सोसणार नाही. मग त्या नावाने काय लावतात, हे बाटली बघून विचारा.

हेडलाइट पिवळ्या पडल्या असतील तर त्या मात्र आधी करा. रात्री हायवेवर बॉनेटची चमक कामाची नाही, उजेड कामाचा. घासून झाल्यावर यूव्ही संरक्षणाचा थर द्यायलाच हवा, नाहीतर थोड्याच महिन्यांत पुन्हा पिवळ्या.

तर मंडळी, बजेट कमी असेल तर कंपाउंड आणि मशीन यादीतून काढा. शॅम्पू, चांगली कापडं, क्ले आणि सीलंट, एवढं घ्या. आणि दोन गोष्टी फुकट आहेत: गाडी सावलीत लावा आणि ते कोरडं फडकं डिकीतून काढून टाका. जुनी गाडी नवी दिसलीच पाहिजे असं नाही. आहे तो थर अजून पाच-सात उन्हाळे टिकला, तर रीपेंटचे पैसे वाचले ना?

तुमच्या गाडीच्या बॉनेटचा उन्हातला फोटो आणि नखाच्या तपासणीचा निकाल पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काहींवर बोलू. तोवर पाणी पीत राहा, ऊन वाढतंय. राम राम!