शेवट नसलेला खेळ



बुद्धिबळाचा डाव मात होताच संपतो. परंतु २००४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या, असंख्य खेळाडू एकाच वेळी ज्यात वावरतात अशा आंतरजालावरील खेळाला शेवटच नाही.

त्यात राक्षस मारल्यावर दुर्मीळ शस्त्र कधी मिळते, कधी मिळत नाही. आणि ही अनिश्चितताच खेळाडूला पुनःपुन्हा ओढून नेते.

त्याहून बळकट असतो सोबत्यांचा पाश.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या आरंभीच्या काळात मोठ्या मोहिमेला ४० जणांची तुकडी लागे. एक जण जरी गैरहजर राहिला, तरी इतरांचा खोळंबा होई, म्हणून मध्यरात्र उलटली तरी कोणालाही खेळ सोडून उठवत नसे.

ध्यानात घ्या: खेळाला शेवट नाही, तो आपणच ठरवावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अशा खेळांच्या व्यसनाचा समावेश रोगांच्या वर्गीकरणात केला.

अर्थात, खेळणारा प्रत्येक जण रोगी नव्हे.

परंतु झोप, अभ्यास, नोकरी यांचे नुकसान उघड दिसत असूनही, महिनोन्‌महिने ज्याला खेळ आवरत नाही, त्याला दूषणे देऊ नका. त्याच्याशी बोला, आणि मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्या.