पाण्याला वाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

कवीला माईकसमोर बसवलं की तो कवितेवरच बोलणार, अशी तुमची समजूत असेल. आज मात्र मी ताडपत्रीबद्दल बोलणार आहे. पिकअप गाडीच्या हौद्यावर आपण जे आच्छादन घालतो, त्यावर पडणाऱ्या पाण्याचं काय करायचं, हा माझा विषय. तुम्हाला तो किरकोळ वाटेल. पोतीभर मका भिजेपर्यंत मलाही तो तसाच वाटत होता.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर महिना, परतीचा पाऊस. कन्नडला कवितावाचनाचा कार्यक्रम होता. परतायला एस.टी. मिळेना, म्हणून पुतण्याच्या पिकअपमध्ये बसलो. गाडीत तिकडच्याच एका शेतकऱ्याचा मका होता, पंचवीस पोती. जायचं होतं छत्रपती संभाजीनगरला, जाधववाडीच्या मार्केट यार्डात. शेतकरी आमच्याबरोबर केबिनमध्येच बसला होता, मांडीवर पिशवी घेऊन. हौद्यावर लोखंडी कमानी, त्यांवर नवी कोरी ताडपत्री, दोऱ्या करकचून आवळलेल्या. पुतण्या म्हणाला, "चाचा, थेंब जाणार नाही आत."

वेरूळच्या अलीकडं पावसानं गाठलं. दौलताबादचा घाट उतरताना पुतण्यानं ब्रेक दाबला आणि मागं धबकन आवाज झाला. दोन कमानींच्या मध्ये ताडपत्रीला झोळ पडला होता. त्यात साठलेलं पाणी एकदम पुढं आलं आणि केबिनच्या मागच्या फटीतून थेट हौद्यात शिरलं.

यार्डात पोती उतरवली. व्यापाऱ्यानं एका पोत्यात हात घातला, मग ओलावा मोजायचं यंत्र लावलं. सरकारी खरेदीतसुद्धा मक्याचा ओलावा 14 टक्क्यांच्या वर चालत नाही, मग व्यापारी कसा सोडेल? भिजली होती सहा-सात पोती, भाव पडला सगळ्या मालाचा. शेतकरी भांडला नाही. पुतण्याकडं बघून एवढंच म्हणाला, "झाकलं व्हतं रं बाबा. पण पाण्याला वाट कुठं ठिवली व्हती?"

पुतण्यानं भाडं घेतलं नाही. त्याच्या डोक्यावर गाडीचा हप्ता होता, तरी घेतलं नाही. पण शेतकऱ्याचं नुकसान एका भाड्यात भरून निघणारं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाड्यांची बॉडी बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. त्यांनी आधी हिशेब मांडला. हौदा साधारण नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. एवढ्या जागेवर एक सेंटीमीटर पाऊस पडला, तरी शेहेचाळीस लिटर पाणी होतं, म्हणजे तीन बादल्या. एखाद्या जोराच्या सरीत दोन-तीन सेंटीमीटर सहज पडतो. ते पाणी वाहून गेलं नाही, तर ताडपत्रीवर शंभर किलोचं ओझं होतं. ओझ्यानं झोळ वाढतो, झोळात आणखी पाणी साठतं. मिस्त्री म्हणाले, "पानी झगडा नहीं करता, मियाँ. जगा ढूंडता."

मग त्यांनी जे सांगितलं, ते ज्यांच्याकडं पिकअप आहे त्यांनी नीट ऐकावं. पहिली गोष्ट उताराची. सगळ्या कमानी सारख्या उंचीच्या असल्या तरी मधोमध एक आडवा पाइप हवा, घराच्या आढ्यासारखा. म्हणजे ताडपत्रीला दोन्ही बाजूंना उतार मिळतो आणि झोळ पडत नाही. दुसरी गोष्ट कडेची. ताडपत्रीची कड हौद्याच्या फळीबाहेर वीतभर खाली लोंबली पाहिजे. कड आत खोचली, की सगळं पाणी आपणच आत पाठवतो. तिसरी गोष्ट जोडाची. दोन ताडपत्र्या जोडायच्या असतील, तर पुढची वर आणि मागची तिच्याखाली. गाडी पळताना वारा पुढून मागं जातो. जोड उलटा असेल, तर वारा त्यात शिरून पाणी आत ढकलतो.

आता कित्येकजण ताडपत्रीऐवजी पत्र्याचं किंवा फायबरचं कायमचं झाकण बसवतात. तिथं लोकांचा समज असा, की सगळ्या फटी सिलिकॉननं बुजवल्या की काम झालं. मिस्त्री म्हणाले, रबर आज ना उद्या कडक होतं, सिलिकॉन सुटतं. म्हणून झाकणाच्या कडेनं आतून पन्हळ हवी आणि पन्हळीच्या कोपऱ्यांतून खाली उतरणाऱ्या नळ्या हव्यात. अमेरिकेत अशी झाकणं सर्रास वापरतात, तिथंही कोपऱ्यांत नळ्याच असतात.

या नळ्या किती, तर चार. मी विचारलं, दोन का नाहीत? त्यांनी आम्हाला गाडीपासून दूर उभं केलं आणि म्हणाले, बघा. रिकामी पिकअप मागून उचललेली दिसते, कारण मागचे पाटे ओझ्यासाठी बनवलेले असतात. तेव्हा पाणी केबिनकडं धावतं. माल भरला की मागची बाजू बसते आणि पाणी फाळक्याकडं जातं. उतारच बदलतो. मी आयुष्यभर रस्त्यावर पिकअप पाहत आलो, हे मात्र कधी दिसलं नव्हतं.

नळीचं तोंड चेसिसच्या खाली सोडायचं, सायलेन्सरवर किंवा वायरिंगवर नाही. भोक पाडलं की उघड्या लोखंडाला लगेच रेड ऑक्साइड लावायचं, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. वरच्या तोंडाला जाळी बसवायची आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तार घालून नळी साफ करायची. भुसा आणि चिखल बसला, की नळी असून नसल्यासारखी. शेवटची गोष्ट हवेची. मका, कांदा, आलं असा माल घट्ट कोंडला, तर त्याला घाम सुटतो. झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात आणि पाऊस नसतानाही पोती ओली होतात. म्हणून मागच्या बाजूला, पावसाची झड लागणार नाही अशी फट हवी.

श्रोतेहो, मिस्त्री बोलत होते आणि मला माझी अम्मी आठवत होती. आमचं जुनं घर माळवदाचं. मराठवाड्यात तुमच्यापैकी अनेकांचं असेल. मृगाआधी ती माळवदावर पांढरी माती टाकून घ्यायची, उतार पुन्हा नीट करायची आणि आम्हा पोरांना पन्हळीच्या तोंडातलं गवत उपटायला बसवायची. माती पाणी पूर्णपणे अडवणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिची सगळी भिस्त पन्हळीवर. आम्ही सिमेंटच्या घरात राहायला गेलो आणि ही अक्कल माळवदावरच ठेवून आलो.

हे शहर तर पाण्याच्या वाटेवरच वसलेलं. मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकीला राजधानी केली आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. ना पंप, ना वीज. होता तो उतार आणि त्याचा अचूक हिशेब. नहरीच्या वाटेवर मधूनमधून उंच मनोरे बांधले, कारण बंद वाटेत कोंडलेली हवासुद्धा पाण्याला अडवते. पुढं अशाच नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरली आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळलं गेलं. आज पर्यटक तिथं फोटो काढतात. आपल्या नव्या वसाहतींत मात्र तासभर पाऊस झाला, की रस्त्यांची तळी होतात. आपण नाल्यावर स्लॅब टाकतो, त्यावर दुकान थाटतो आणि पाणी घरात आलं की नशिबाला बोल लावतो. झाकणं आपल्याला जमतं. वाट ठेवायचा आळस करतो.

पुतण्यानं त्याच आठवड्यात आढ्याचा पाइप बसवला, चारही कोपऱ्यांत नळ्या काढल्या. पुढच्या हंगामात त्यानं हिंमत करून त्याच शेतकऱ्याला फोन केला. म्हणाला, या खेपेला भाडं निम्मं घेईन, पण माल माझ्याच गाडीत भरा. मीही मुद्दाम सोबत गेलो.

शेतकऱ्यानं गाडी पाहिली. पोत्यांना हात लावण्याआधी घरातून पाण्याच्या दोन घागरी मागवल्या आणि मोकळ्या हौद्यावर बांधलेल्या ताडपत्रीवर ओतल्या. मग खाली वाकून पाणी कुठून कुठं जातं ते पाहत राहिला. फाळका उघडून आतल्या फळीवरून हात फिरवला. हात कोरडा निघाला.

"भरा," तो म्हणाला.

भाडं त्यानं पूर्ण दिलं.