पाऊल आत कलते तेव्हा

श्रोतेहो, आपली जुनी वहाण एकदा उलटी करून पाहा. टाचेची बाहेरची कड थोडी झिजली असेल, तर काळजी नको, बहुतेकांची झिजतेच. पण आतली कड जास्त झिजली असेल, तर चालताना पाऊल फार आत कलत असण्याचा संभव आहे. आता ओले पाऊल कोरड्या फरशीवर उमटवा. आतल्या बाजूची खोलगट जागा ठशात दिसलीच नाही, तर पावलाची कमान बसकी आहे.

डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत लोकलमध्ये उभे, मग वर्गात फळ्यापुढे उभे! अशा गुरुजींची टाच सकाळी पहिल्याच पावलाला ठणकते, आणि ते स्पंजाचा मऊ सोल आणतात. तो सुखावतो खरा, पण लगेच दबतो. कमानीला टेका देणारा, टाचेपाशी वाटीसारखा खोलगट असा घट्ट सोल घ्यावा. पहिले काही दिवस तासभरच वापरावा.

बूट संध्याकाळी घ्यावेत, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. सोल बरोबर न्यावा. बुटाची टाच चिमटीत दाबली तर चेपता कामा नये. बूट बोटांपाशी वाकावा, मधोमध नव्हे. सपाट कोल्हापुरी कितीही देखणी असली तरी कमानीला तिचा आधार नाही.

मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा. सोल घासून झालेली जखम अशा पायाला कळत नाही.

आणि शिक्षकांनो, पहिलीतल्या पोराचे पाऊल सपाट दिसले म्हणून आईबापांना खर्चात घालू नका. लहानपणी ते तसेच असते. चवड्यांवर उभे केल्यावर कमान दिसली आणि दुखत नसेल, तर त्याला खुशाल अनवाणी खेळू द्या.