मागचा दिवा

(सोसायटीतील तरुण मंडळींच्या ताम्हिणी सहलीआधी केलेले भाषण)

माझ्या बाइकवाल्या नातवंडांनो,

रौप्यमहोत्सवानिमित्त तुम्ही बारा गाड्या घेऊन ताम्हिणीला निघालात, आनंद वाटला. आजोबा आता हेल्मेटवर प्रवचन देणार, अशी धास्ती काहींच्या चेहऱ्यावर दिसतेय. ते एका वाक्यात उरकतो. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं, आणि पट्टा लावलेला हवा. मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

१९८४ साली आमच्या शाखेतले आम्ही सहाजण सहा स्कूटर घेऊन पुण्याहून महाबळेश्वरला निघालो. खंबाटकी उतरलो, सुरूर फाट्याला वळलो आणि वाईत चहाला थांबलो. सहा कप आले, पिणारे पाच! आमचा कॅशियर नव्हता. एक म्हणाला, पुढे गेला असेल. दुसरा म्हणाला, पेट्रोल भरत असेल. आम्ही चहा प्यायलो, वर भजीही मागवली. अर्ध्या तासानं दोघं मागे फिरले. घाटाच्या एका वळणावर खडीवरून त्याची स्कूटर घसरली होती. पाय मोडला होता. एका ट्रकवाल्यानं त्याला उचलून सावलीत बसवलं होतं. तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं, कोणीतरी मागे वळून बघेल." आमच्या एकाही स्कूटरला आरसा नव्हता.

बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर आम्ही रात्री दहापर्यंत बसायचो. इथे अख्खा माणूस कमी होता. निवृत्त होईपर्यंत तो लंगडत कॅशच्या पिंजऱ्यात जाताना मी पाहिलाय.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. आपल्या मागच्या गाडीचा दिवा ज्याच्या त्यानं आरशात बघायचा. दिसेनासा झाला की वेग कमी करायचा, तरीही दिसला नाही तर सुरक्षित जागा बघून थांबायचं. मग तुमच्या पुढचा थांबेल, त्याच्या पुढचा थांबेल, आणि सगळी रांग आपोआप उभी राहील. फाटा आला की मागच्यानं आपल्याला वळताना पाहिल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. पिरंगुट आणि पौड इथे हे विसरू नका. मोबाइलवर ग्रुप आहे म्हणाल, तर घाटात रेंजचा भरवसा नसतो. १०८ नंबर मात्र सगळ्यांना पाठ हवा.

सगळ्यात नवखा गडी शेवटी ठेवतात, ते चूक. मागे पडलेला माणूस पुढच्यांना गाठायला जिवावर उदार होऊन गाडी हाणतो. त्याला पुढाऱ्याच्या लगेच मागे ठेवा, त्याच्याच वेगानं सगळे चला. शेवटी शांत डोक्याचा, हत्यारं आणि प्रथमोपचाराची पेटी घेतलेला कोणीतरी. सरळ रस्त्यावर एक डावीकडून, एक उजवीकडून असं चाला. घाटात मात्र एकामागे एक, आणि पावसात अंतर दुप्पट. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की साबणासारखे होतात. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवू नका. (हे आमच्या पिढीचं शहाणपण!) आणि वळणावर गाडी लावून धबधब्याचे फोटो काढायचे नाहीत.

रविवारी पहाटे साडेपाचला मी गेटवर बारा गाड्यांची यादी घेऊन उभा असेन. मागे बसणाऱ्यांचीही नावं लिहून द्या. संध्याकाळी तीच यादी घेऊन पुन्हा गेटवर येईन. वॉचमनला माझ्यासाठी खुर्ची ठेवायला सांगितलंय.