पत्रकारांचे संरक्षण आणि प्रशिक्षण

दिल्लीलगतच्या गाझियाबादमध्ये 20 जुलै 2020 रोजी पत्रकार विक्रम जोशी यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि दोनच दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. नात्यातील मुलीच्या छेडछाडीची तक्रार त्यांनी त्यापूर्वीच पोलिसांकडे केलेली होती. महाराष्ट्राने 2017 मध्ये प्रसारमाध्यमांतील व्यक्ती व संस्थांवरील हिंसाचाराला प्रतिबंध करणारा कायदा संमत केला असून, त्यात असा हल्ला दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटाविना अटक करता येईल असा गुन्हा ठरतो आणि त्यासाठी 3 वर्षांपर्यंत कारावास किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. मात्र हे संरक्षण पत्रकार कर्तव्यावर असतानापुरतेच आहे, त्यामुळे कौटुंबिक तक्रारीनंतर झालेला गाझियाबादसारखा हल्ला त्याच्या कक्षेत येईलच असे नाही. ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. म्हणूनच दिल्लीत 1965 मध्ये स्थापन झालेली भारतीय जनसंचार संस्था, जिचे अमरावती केंद्र मराठी पत्रकारिताही शिकवते, तिच्यासारख्या संस्थांतील अभ्यासक्रमात वृत्तलेखनाइतकेच महत्त्व प्रथम माहिती अहवाल, म्हणजे पोलिसांनी नोंदवलेली गुन्ह्याची पहिली खबर, कसा नोंदवून घ्यावा आणि धमक्यांचे पुरावे कसे जपावेत, या विषयांनाही मिळायला हवे, विशेषतः पाठीशी मोठे वृत्तपत्र नसलेल्या तालुका वार्ताहरांसाठी.