अनुदानाच्या अटी आणि हजेरीपटावरची मुलं



 सकाळपासून शिक्षक-मुख्याध्यापकांच्या या मंडपात एकच विषय ऐकतो आहे, टप्पा अनुदान, म्हणजे विनाअनुदानित शाळांना टप्प्याटप्प्यानं मिळणारं अनुदान. कुणाला वीस टक्के मिळालं, कुणाचं चाळीस अडलं, कुणाच्या प्रस्तावात त्रुटी निघाली. वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवून केस पांढरे झालेली माणसं समोर बसली आहेत. म्हणून मीही अनुदानावरच बोलणार आहे, पण जरा मागून सुरुवात करून.

या यवतमाळात १९०८ च्या सुमारास एक राष्ट्रीय शाळा होती, विद्यागृह नावाची. तपस्वी बाबासाहेब परांजपे यांच्या नावाशी ती जोडलेली आहे. राष्ट्रीय शाळा म्हणजे सरकारी अनुदान आणि सरकारी मान्यता, दोन्हींवाचून चालणारी शाळा. नागपूरच्या नील सिटी हायस्कुलातून ‘वंदे मातरम्’च्या प्रकरणात काढलेले केशव बळीराम हेडगेवार पुढच्या शिक्षणासाठी इथेच आले होते. शाळा फार वर्षं टिकली नाही. पण ती निघालीच का, हे समजून घ्यायचं तर अनुदानाच्या अटी वाचाव्या लागतात.

आपला मुलूख त्याच्या कितीतरी आधीपासून मोठ्या विचित्र अवस्थेत होता. १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला; नावानं निजामाचा, कारभार कंपनीचा. आपला जिल्हा पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळालं. तहाच्या पुढच्याच वर्षी, जुलै १८५४ मध्ये, चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता आला आणि हिंदुस्थानात अनुदानाची पद्धत सुरू झाली. त्यातल्या अटी ऐका. शाळेत चांगलं ऐहिक शिक्षण मिळालं पाहिजे. कारभाराची जबाबदारी घेणारी स्थानिक मंडळी पाहिजेत. सरकारी तपासणीला आडकाठी नको. आणि मुलांकडून फी घेतलीच पाहिजे, मग ती कितीही थोडी असो. धर्मशिक्षणात तपासनीस लक्ष घालणार नाही, हेही त्यात होतं.

पहिल्या तीन अटींवर मला भांडायचं नाही. लोकांच्या कराचा पैसा आहे, हिशेब मागितलाच पाहिजे. पण ती चौथी अट! फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही, असा त्यामागचा विचार. ज्याच्या घरी ज्वारीच्या कण्यांची भ्रांत, त्याच्या पोराला ही थोडीशी फी म्हणजे दाराला लावलेली कडी होती. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच दुखणं मांडलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, असं त्यांनी बजावलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी त्यांनी तेव्हाच केली होती.

मुंबई इलाख्यात १८६५-६६ पासून आणखी एक रीत आली: निकाल पाहून अनुदान. तपासणीचे डिप्टी साहेब येणार, इयत्तावार परीक्षा घेणार, जितकी मुलं पास तितकी रक्कम. तुम्ही शिक्षक आहात, पुढचं मी सांगायला नको. कच्चं पोर म्हणजे बुडालेले पैसे. मग घोकंपट्टी घ्यायची आणि कच्च्याला वरच्या इयत्तेत पाठवायचंच नाही. ही पद्धत सोडून द्यावी, असं खुद्द व्हाइसरॉय कर्झनच्या सरकारनं १९०४ मध्ये ठरवलं. तोवर जवळजवळ चाळीस वर्षं गेली होती.

मात्र अट म्हटली की ती वाईटच, असं मी मानत नाही. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. प्रकरण थेट विलायतेपर्यंत गेलं. त्यानंतर मुंबई सरकारनं जाहीर केलं की केवळ सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या राहतील, आणि जातीवरून मुलं नाकारणाऱ्या अनुदानित शाळेची मदत बंद करण्याचा अधिकार सरकार राखून ठेवील. पण अधिकार राखणं निराळं आणि वापरणं निराळं. अस्पृश्यांच्या मुलांना नाकारणाऱ्या शाळेला अनुदान नाही, असं त्या सरकारनं स्पष्ट सांगेपर्यंत १९२३ उजाडलं. धारवाडच्या त्या मुलाचं तोवर काय वय झालं असेल, याचा हिशेब मी अनेकदा करतो.

आणि आता १९०७ कडे या. त्या मे महिन्यात हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव रिस्ले यांचं परिपत्रक निघालं. विद्यार्थ्यांनी राजकीय सभांना जायचं नाही, शिक्षकांनी त्यांना आवरायचं. नाहीतर शाळेचं अनुदान जाईल, शिष्यवृत्त्या जातील, मान्यताही जाईल. मुलाला शाळेत आणण्यासाठी वापरायला एवढा वेळ लागलेलं हत्यार त्याचं तोंड बंद करायला किती पटकन उचललं गेलं! विद्यागृहाचा जन्म या वातावरणातला आहे.

हे सगळं सांगण्याचं कारण मी मुख्याध्यापक असतानाच्या एका दिवसात आहे. ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असेल. बोगस पट दाखवून अनुदान लाटणाऱ्यांना पकडायलाच हवं होतं, त्या मोहिमेला माझा विरोध नव्हता. दसरा तोंडावर आला होता. शिवारात सोयाबीन सोंगायची घाई. पथक आलं, एकेक मूल मोजून बोटाला शाई लावत गेलं. पाचवीतली एक मुलगी गैरहजर निघाली. आईसोबत शेतावर गेली होती. मी शिपायाला सायकलवर पिटाळलं. ती हातातला विळा तसाच घेऊन धापा टाकत आली, कपाळावर भुसा चिकटलेला. तोवर पथक पुढच्या गावाला निघून गेलं होतं. तिनं बोट पुढे केलं आणि विचारलं, “सर, माझं नाव कटलं का?”

नाव कटलं नाही. ती पुढे दहावी झाली. पण शेरेबुकात त्या दिवशी फक्त दोन आकडे आहेत, पटावर इतकी आणि हजर इतकी. ती कुठे होती आणि का होती, याला त्या नमुन्यात रकानाच नव्हता. आज संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणारी मंजुरी, आधारवर चालते. आधार जुळलं नाही की वर्गात बसलेलं मूलही मोजणीतून गळतं आणि त्याच्यासोबत शिक्षकाचं पदही. ऊसतोडीला जाणाऱ्यांची, पारध्यांच्या बेड्यावरची, कोलामांच्या पोडावरची मुलं यात सगळ्यात आधी अडकतात.

म्हणून माझी विनंती आहे की उद्याच्या ठरावात फक्त टक्केवारी मागू नका. अनुदानाची प्रत्येक अट समोर घ्या आणि तिच्यामुळे आपल्या शाळेतलं कोणतं मूल आत आलं, कोणतं बाहेर राहिलं, ते नावानिशी लिहून जोडा. आणखी एक. कपाटातली जुनी शेरेबुकं रद्दीत घालू नका. माझ्या शाळेचं सर्वांत जुनं मी सोबत आणलं आहे; वाळवीनं कडा खाल्ल्या आहेत, पण शाई अजून वाचता येते. दुपारच्या सुट्टीत ते या टेबलावर उघडून ठेवतो. तुमच्याकडची घेऊन या.