पर्समधली दुखण्याची गोळी



लालबागच्या बाईला गणपतीच्या दहा दिवसांत अंग दुखतंय म्हणून बसून चालत नाही. आमचं घर चाळीत तिसऱ्या मजल्यावर, खाली मंडळाचा गणपती, वर पाहुण्यांची रीघ. सकाळी सहाला चहाचं आधण ठेवलं की रात्री बाराला गॅस बंद. त्या वर्षी माझ्या बोटांचे सांधे असे धरले होते की पातेलं उचलवेना. शेजारच्या मामींनी बटव्यातून एक गोळी काढली. म्हणाल्या, "घे गं, अर्ध्या तासात उभी राहशील." राहिले की! दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून अख्खी स्ट्रिप आणली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. दहा दिवस, दिवसाला दोन, कधी तीन.

विसर्जनाच्या रात्री जिना चढताना दुसऱ्या मजल्यावरच बसावं लागलं. दम लागला होता. पायावर बोट दाबलं तर खळगा पडत होता. बीपी निघालं 170 वर 104.

डॉक्टरांनी विचारलं, "नवीन काय औषध घेतलंत?" मी म्हटलं, "काहीच नाही." खोटं बोलायचं म्हणून नव्हे हं. दुखण्याची गोळी हे औषध असतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ती आपली पर्समध्ये असते, रुमालासारखी.

मला ल्युपस आहे. केसपेपरवर त्याला एसएलई लिहितात. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटते, असा हा आजार. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, आणि त्याही बहुतेक ऐन उमेदीतल्या. सांधे, त्वचा, मूत्रपिंड, कुठेही दाह होतो. हृदयाचा त्यात काय संबंध, असं मलाही वाटायचं. पण वर्षानुवर्षं धुमसणारा दाह रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करतो. जोडीला स्टिरॉइडमुळे बीपी, साखर, चरबी वाढते. काहींच्या रक्तात गुठळ्या व्हायला मदत करणारी प्रतिद्रव्यंही असतात. अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 35 ते 44 वयाच्या ल्युपसग्रस्त बायकांना हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच वयाच्या इतर बायकांच्या पन्नासपटीहून जास्त दिसलं होतं. आकडा ऐकून घाबरू नका. त्या वयात इतर बायकांना अटॅक फार क्वचित येतो, म्हणून पट एवढी मोठी दिसते. पण "मी तर चाळिशीचीही नाही" हे म्हणणं आपल्याला परवडणारं नाही, एवढं त्यातून घ्यायचं.

आता गोळीकडे येऊ. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, नॅप्रॉक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच घराण्यातली. दाह आणि वेदना निर्माण करणारी काही रसायनं शरीरात तयार होतात, ती या गोळ्या अडवतात. अडचण अशी की तीच रसायनं मूत्रपिंडाला रक्त पुरवतात, पोटाच्या अस्तराला जपतात, रक्तवाहिन्या सैल ठेवतात. आमच्या चाळीत एका बिऱ्हाडाचा नळ गळत असला की कुणीतरी मेन कॉकच बंद करतं आणि अख्ख्या मजल्याचं पाणी जातं, तसंच हे. गुडघ्याची ठणक थांबते. पण मीठ-पाणी अंगात साठतं, बीपी चढतं, हृदयावरचा भार वाढतो, गुठळी होण्याची शक्यताही थोडी वाढते. ल्युपसने मूत्रपिंड आधीच धरलं असेल तर विचारूच नका.

हे जगाला कळलं तेही महागात पडून. रोफेकॉक्सिब नावाची गोळी पोटाला त्रास देत नाही म्हणून खूप खपली. हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढतात असं दिसल्यावर 2004 च्या सप्टेंबरात कंपनीने ती जगभरातून मागे घेतली आणि त्याच वर्षी भारतातही तिच्यावर बंदी आली. मग जुन्या गोळ्यांचीही तपासणी झाली. 2013 साली अनेक चाचण्यांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यात डायक्लोफिनॅक मोठ्या मात्रेत वर्षभर घेणाऱ्या दर हजार माणसांत हृदयाचे किंवा पक्षाघातासारखे गंभीर झटके तिघांना जादा आले, त्यातला एक जिवावर बेतला. हजारात तीन म्हणजे थोडेच, असं वाटेल. पण तो हिशोब सगळ्या प्रकारच्या माणसांचा. ज्यांचा मूळचाच धोका जास्त, त्यांच्या वाट्याला हे तीनही जास्त येतात. आणि धोका सुरू व्हायला वर्ष लागत नाही, पहिल्या काही आठवड्यांतही तो येऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 मध्ये दिला.

म्हणजे गोळी विष आहे का? नाही. पुढे दोन वर्षांनी माझ्या फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली, श्वास घेतला की सुरी फिरायची. तेव्हा डॉक्टरांनीच याच घराण्यातली गोळी दिली. पण आधी बीपी पाहिलं, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून मूत्रपिंड ठीक असल्याची खात्री केली, मात्रा कमी ठेवली, दहा दिवसांनी परत बोलावलं आणि बंद केली. दहाच दिवस तेव्हाही होते. फरक मोजण्याचा होता. वेदना सोसत बसणं हाही काही शहाणपणा नाही. ज्या बाईला दुखतंय म्हणून झोप नाही, चालणं नाही, तिच्या हृदयाचं तरी काय भलं होणार?

नॅप्रॉक्सेन हृदयाच्या बाबतीत त्यातल्या त्यात बरी मानतात, पण ती पोटात रक्तस्राव करू शकते. एकदोन सांधेच दुखत असतील तर चोळायचं जेल बरं, त्यातलं औषध रक्तात फार कमी जातं. पॅरासिटामॉल दाह कमी करत नाही, पण साध्या दुखण्याला बहुतेक वेळा आधी तीच सांगतात. तीही दिवसाला तीन ग्रॅमच्या वर नको, असं मला बजावलंय. सर्दीच्या गोळीतही ती असते, हे लक्षात असू द्या. आणि स्ट्रिपवरचं मोठं नाव वाचू नका, खालची बारीक अक्षरं वाचा. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात. कंबरेसाठी एक गोळी, डोक्यासाठी दुसरी, आणि दोन्हींत औषध एकच, असं घरोघरी चाललेलं असतं. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर आयब्युप्रोफेन तिच्या कामात आडवी येते, तेव्हा विचारूनच घ्या. पोटात बाळ असेल तर विसाव्या आठवड्यानंतर हे घराणं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात नको.

खरी गोष्ट अशी की ल्युपस आटोक्यात असेल तर पेनकिलरची पाळी कमी येते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन रोजच्या रोज घ्यायची, वर्षातून एकदा डोळे तपासायचे. 2020 च्या मार्चमध्ये करोनासाठी हीच गोळी सगळ्यांनी साठवली आणि आम्हाला ती मिळेना, तेव्हा लालबागहून परळ, परळहून दादर असं एकेक दुकान घरच्यांनी पालथं घातलं होतं. गोळीची किंमत कळायची तेव्हा कळली.

आणि हो, मशेरी. आमच्याकडे अजून पुष्कळ बायका सकाळी मशेरी लावतात आणि "मला तंबाखूचं व्यसन नाही" म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि हृदय काही तो भाजला की कच्चा हे बघत बसत नाही. मामींशी यावरून माझं अजून भांडण आहे.

ल्युपसमध्ये छातीत दुखण्याची कारणं अनेक. आडवं पडल्यावर वाढतं, पुढे वाकून बसलं की हलकं होतं, असं असेल तर बहुधा हृदयाभोवतीच्या आवरणाची सूज. पण बायकांचा अटॅक दरवेळी छाती धरून येत नाही. दम लागतो, जबडा किंवा पाठ भरते, मळमळतं, दरदरून घाम येतो. घरी बसून निदान करू नका, आणि वर एक पेनकिलर तर मुळीच घेऊ नका. 108 ला फोन करा.

माझ्या पर्समध्ये आता एक कागद असतो. चालू गोळ्या, शेवटचं बीपी, शेवटचं क्रिएटिनिन, तारखेसकट. परवा मामी वर आल्या, गुडघा धरून. त्यांना बीपी आहेच. हातात तीच जुनी स्ट्रिप होती. म्हणाल्या, "चष्मा घरी राहिलाय, यात काय लिहिलंय ते वाच बघू."